शिंजीर ओळखायचा तर आधी मादी बघा

शिंजीर ओळखताना निम्मा घोळ रंगच घालतो. जास्वंदीच्या फांदीवर काळा कुळकुळीत पक्षी दिसतो, जरा मान वळवतो आणि निळा होतो, उडून समोरच्या तारेवर बसला की जांभळा. आपण पुस्तक उघडावं तर त्यात जांभळा शिंजीर वेगळा, जांभळ्या पाठीचा वेगळा आणि छोटा शिंजीर आणखी वेगळा. मग फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि एका फोटोला तीन उत्तरं येतात. उत्तरं देणारे तिघेही नराच्या अंगावरची चमक बघत असतात, आणि नेमकी तीच सगळ्यात बेभरवशाची गोष्ट आहे.

शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी, आपल्याकडे चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत बहुधा ८ ते १० सेंटीमीटर भरतो, एखादी जात त्याहून मोठी, आणि वजनाला दहा ग्रॅमच्या आतबाहेर. फुलांतला मध हे मुख्य खाणं, जोडीला किडे आणि कोळी. या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. जिल्हा शिरोळच्या ऊसपट्ट्यापासून सुरू होतो आणि थेट सह्याद्रीच्या धारेवर जाऊन संपतो. त्यामुळे गावात, माळावर, परसात राहणारे शिंजीर आणि घाटातल्या गच्च रानात राहणारे शिंजीर असे दोन्ही एका दिवसाच्या फिरतीत बघता येतात. सकाळी टाउन हॉलच्या बागेत एक चक्कर, मग गगनबावड्याची वाट धरायची, एवढाच कार्यक्रम. अडचण एकच : गावातला आणि रानातला शिंजीर पहिल्या नजरेत सारखेच दिसतात, आणि रानातला दिसला तरी आपण ‘हा तर घरामागचाच’ म्हणून पुढे जातो.

आधी तो शिंजीर आहे का ते बघा

रंगाच्या आधी चोच. शिंजिराची चोच बारीक, लांब आणि खाली वळलेली असते. ही खूण नर, मादी, पिल्लू सगळ्यांना लागू पडते आणि उजेड कसाही असला तरी बदलत नाही. चोच आखूड आणि जाडसर, पक्षी शिंजिरापेक्षाही बारका, अंगावर मळकट राखी रंग आणि मुक्काम सारखा आंब्यावरच्या बांडगुळात, असं असेल तर तो फुलटोच्या. चोच सरळ, अंग हिरवट पिवळं, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि एकटा कधी नाहीच, दहा-पंधरा जणांचा घोळका एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चिवचिवत जातोय, तर तो चष्मेवाला. शेपटी ताठ उभी धरून झुडपाच्या बुडाशी ओरडत फिरतो तो शिंपी. हे तिघे बाजूला काढले की उरलेल्या बारक्या पक्ष्यांत शिंजीर सहज सापडतो.

दर उन्हाळ्यात कोणीतरी ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड आला’ म्हणून व्हिडिओ टाकतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, भारतात एकही नाही. दोघांचं नातंही लांबचं आहे. पण दोघांना फुलातून मध काढायचा, म्हणून दोघांच्या चोची लांबल्या आणि जिभा नळीसारख्या झाल्या. स्वतंत्र वाटांनी एकाच जागी पोचण्याचा हा प्रकार जीवशास्त्रात वारंवार भेटतो. व्हिडिओतला पक्षी फुलासमोर हवेत थांबलेला दिसतो हे खरं. शिंजिरालाही क्षणभर तसं थांबता येतं, फक्त ते त्याला महागात पडतं. त्यामुळे तो शक्यतो फांदीवर, देठावर, कधी फुलावरच उलटा लटकून मध पितो. बघणाऱ्याच्या हे पथ्यावर पडतं, कारण बसलेला पक्षी दोन-तीन सेकंद तरी दुर्बिणीत मावतो.

चमक कुठून येते

नराच्या अंगावर दोन प्रकारचे रंग असतात. पोटाचा पिवळा आणि पाठीचा तपकिरी किंवा किरमिजी रंग पिसांतल्या रंगद्रव्यांचा असतो. तो सावलीत जरा मंद दिसेल, पण पिवळ्याचा काही निळा होणार नाही. डोक्यावरचा हिरवा, गळ्याचा जांभळा, जांभळ्या शिंजिराच्या अख्ख्या अंगावरचा निळा-जांभळा हा प्रकार वेगळा. तिथे निळं किंवा जांभळं रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या सूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिनचे अतिशय पातळ कण थरांनी रचलेले असतात. मेलॅनिन म्हणजे आपल्या केसांना काळेपणा देणारं द्रव्य. या थरांवर पडलेला प्रकाश काही वरच्या थरावरून परततो, काही खालच्या. परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळताना काही रंग एकमेकांना पुसून टाकतात आणि काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर रंग फिरताना दिसतात तेही याच कारणाने.

यातून बघणाऱ्यासाठी सरळ व्यवहारातली गोष्ट निघते. चमकणारा रंग दिसायला सूर्य आपल्या पाठीशी हवा. पक्ष्याच्या मागे आभाळ असेल, आपण झाडाखालून वर बघत असू, किंवा पक्षी दाट सावलीत असेल, तर ती सगळी चमक काळी पडते. घाटातल्या रानात बहुतेक वेळा हीच स्थिती असते. तेव्हा ‘काळा होता’ एवढ्यावरून कोणतीही जात सांगता येत नाही. कॅमेऱ्याचंही तेच. एकाच पक्ष्याचे सेकंदाच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळे पक्षी वाटतात.

आणखी एक चकवा आहे तो परागकणांचा. पांगारा किंवा जास्वंद चाखताना शिंजिराच्या कपाळावर, चोचीच्या बुडाशी पिवळे परागकण चिकटतात. पिवळ्या कपाळाचा शिंजीर कोणत्याही पुस्तकात सापडायचा नाही. तासाभराने तोच पक्षी पंख फडफडवून, फांदीवर डोकं घासून साफ झालेला असतो. फुलाच्या दृष्टीने मात्र या मळलेल्या कपाळासाठीच तर सगळा खटाटोप असतो.

घरामागचे दोघे

कोल्हापुरात जास्वंद नाही असं परसदार शोधावं लागेल. गणपतीला लागते, देवीला लागते. त्या जास्वंदीवर, शेवग्यावर, कर्दळीवर आणि केळफुलावर जे शिंजीर येतात ते बहुधा दोन जातींचे.

पहिला जांभळ्या पाठीचा. नराच्या डोक्यावर हिरवी चमक, गळा जांभळा, छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पिवळं पोट आणि बगला पांढरट. पाठीचा खालचा भाग जांभळा असतो, पण मिटलेल्या पंखांखाली तो इतका झाकला जातो की नावात आलेली खूणच प्रत्यक्षात सगळ्यात उशिरा दिसते. याचं वैशिष्ट्य असं की नर वर्षभर याच वेशात राहतो.

दुसरा जांभळा शिंजीर. विणीच्या काळात नर अंगभर गडद निळा-जांभळा, पोटासकट. पोट पिवळं दिसलं तर तो विणीच्या वेशातला जांभळा नर नव्हे, एवढं पक्कं धरून चाला. घोळ होतो तो पावसाळा सरल्यावर. विणीनंतर हा नर चमकदार पिसं टाकतो आणि साधारण मादीसारखा होतो : वर मळकट तपकिरी, खाली पिवळा आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ. या अवस्थेला पक्षी अभ्यासक ग्रहणातला वेश (इंग्रजीत ‘इक्लिप्स’) म्हणतात. पुढे हिवाळ्यात नवी पिसं येऊ लागली की अर्धा पिवळा, अर्धा जांभळा, ठिगळं लावल्यासारखा पक्षी दिसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रंकाळ्याच्या काठी ‘गळ्यावर काळी पट्टी असलेली नवीनच चिमणी’ दिसल्याचं कोणी सांगितलं तर बहुतेक वेळा हाच असतो.

जाता जाता तिसराही सांगून ठेवतो. जांभळ्यासारखाच गडद, पण चोच बघताक्षणी ‘अरे, ही फारच लांब आणि वाकडी’ असं वाटलं आणि पोट काळपट तपकिरी दिसलं तर तो लोटेनचा शिंजीर. त्याला ओळखायला चोच पुरते.

माद्यांचं गणित

शिंजिरांच्या माद्या साध्या, हिरवट-तपकिरी, खाली पिवळसर. म्हणून पक्षी बघणारे त्यांच्यावरून नजर काढून घेतात आणि नराची वाट बघत बसतात. मला हे उलटं वाटतं. मादीच्या अंगावर चमकच नाही, तेव्हा उजेडाने फसवायला जागा कमी. तिच्या दोन-तीन खुणा ऊन असो वा सावली, जागच्या जागी राहतात. बघायच्या जागाही दोनच, गळा आणि कंबर.

आधी गळा. गळा पांढरट राखी आणि त्याखाली छाती पिवळी, असा फरक स्पष्ट दिसला तर ती जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी. गळ्यापासून पोटापर्यंत सरसकट फिकट पिवळं असेल, मध्ये कुठे पांढरा भाग नसेल, तर जांभळ्या शिंजिराची. गावात एवढ्यावर काम भागतं.

घाटात गेलं की कंबर बघायची. कंबर म्हणजे पाठीचा शेपटीच्या वरचा भाग. पक्षी फुलात डोकं खुपसून वाकतो तेव्हा पंख जरा खाली येतात आणि हा भाग उघडा पडतो. दोन फुलांमधल्या उडीत तर हमखास दिसतो. हिरवट-तपकिरी मादीच्या कंबरेवर गडद किरमिजी लाल ठसा दिसला की शंकेला जागा उरत नाही. ती छोट्या शिंजिराची मादी. गावातल्या दोन्ही माद्यांच्या अंगावर कुठेही लाल रंग नसतो.

हा छोटा शिंजीर खरा रानातला. जेमतेम ८ सेंटीमीटर, आपल्याकडच्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक. जगात फक्त पश्चिम घाटात आणि त्याच्या आसपास आढळतो. नराची पाठ किरमिजी, डोकं चमकदार हिरवं, गळा आणि कंबर गुलाबी-जांभळ्या चमकेची, छातीवर लाल पट्टा आणि पोट पिवळं. हे वर्णन वाचून जांभळ्या पाठीच्या नराची आठवण झाली असेल तर बरोबर आहे, दोघे एकाच प्रजातिकुळातले आहेत. फरक पाठीवर आहे. जांभळ्या पाठीच्या नराची पाठ विटकरी तपकिरीकडे झुकते, छोट्याची किरमिजी लाल. उजेड चांगला असेल तर दिसतो, नसेल तर नाही. शिवाय छोट्याचा नरही विणीनंतर रंग उतरवतो. पाठ मंद होते, गळ्याची चमक जाते, पण खांद्याजवळ किरमिजी डाग आणि कंबरेवर जांभळी चमक राहते. म्हणजे तिथेही शेवटी कंबरच कामाला येते.

छोट्या शिंजिराचं आणि त्याच्या घाटातल्या भावकीतल्या आणखी एकाचं, विगर्सच्या शिंजिराचं, शास्त्रीय वर्णन एकाच माणसाने एकाच वर्षी केलं : कर्नल विल्यम साईक्स, १८३२. मुंबई इलाख्यासाठी दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलेला हा लष्करी अधिकारी महसूल आणि शेतीबरोबर पक्षीही मोजत होता. सरकारी कामात असा नाद बाळगणारे लोक आजही असतात, वनखात्यात तर बरेच. विगर्सचा नर ओळखायला मात्र फार डोकं लावावं लागत नाही. गळा-छाती लालभडक, त्या लालावर बारीक पिवळ्या रेघा, पोट राखाडी. घाटात गळ्यासकट लाल छातीचा शिंजीर दिसला तर तो हाच, कारण लाल छातीचे त्याचे नातलग लांब ईशान्येकडे आणि हिमालयाच्या पायथ्याशी राहतात. मादी मळकट हिरवट, पोटाला झगझगीत पिवळेपणा नाही आणि कंबरेवर लालही नाही.

कुठे उभं राहायचं

शिंजिरामागे धावण्यात अर्थ नाही, फुलाजवळ थांबायचं. बहरलेलं झाड किंवा झुडूप हेरून, ऊन पाठीशी घेऊन, आठ-दहा मीटरवर गप्प उभं राहिलं की पक्षी फेऱ्या मारत येतात. एक नर मोक्याच्या झुडपावर हक्क सांगत असेल तर तो दर थोड्या वेळाने येऊन दुसऱ्यांना हाकलतो. त्याच्या ठरलेल्या बैठका असतात, एखादी वाळकी काटकी, तारेचं टोक. ती बैठक एकदा कळली की दुर्बीण तिथेच लावून ठेवायची. आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. दहापटीची घेतली तर हात हलतो आणि एवढा बारका पक्षी चौकटीत सापडेपर्यंत उडून जातो.

फुलांचं वेळापत्रक माहीत असलं की अर्धं काम झालं. जानेवारी ते मार्च घाटात धायटी फुलते. कमरेएवढी झुडपं, फांदीभर लालसर नळ्या, आणि नजरेच्या उंचीवर शिंजीर. मान वर करून बघावं लागत नाही, मागचं आभाळही आड येत नाही. शिंजीर शिकायला धायटीइतकी चांगली जागा नाही. त्याच सुमाराला काटेसावर, पांगारा, पळस फुलतात, पण ही झाडं उंच, वर मैना, बुलबुल, कोतवाल यांची जत्रा भरलेली, त्यात शिंजीर शोधणं डोळ्यांना जड जातं. पावसाळ्यात मुरुडशेंग बघा. तिची फुलं उमलतात तेव्हा विटकरी लाल असतात आणि जुनी होताना निळसर राखी पडतात. शिंजीर लाल फुलांवर जातो. एकाच फांदीवर लाल आणि निळसर फुलं शेजारी असली तर पक्ष्याची निवड हाताच्या अंतरावर बघायला मिळते.

फुलं लाल का, याचंही उत्तर इथेच आहे. मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना उत्तम दिसतो. पक्ष्यांवर भिस्त ठेवणारी फुलं म्हणूनच बहुधा लाल-केशरी, वासाला जवळपास काहीच नाही, नळीसारखी, आणि मध पातळ पण भरपूर. वास कशाला हवा, शिंजीर डोळ्यांनी शोधतो.

राधानगरी अभयारण्यात दाजीपूरला लोक गव्यासाठी जातात. १९५८ साली ते जाहीर झालं तेही गव्यांसाठीच, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याची गणना झाली. गाडीतून गवा शोधताना शिंजीर दिसत नाहीत, हे उघड आहे. त्यांच्यासाठी रानाच्या कडेला, वस्तीजवळच्या रस्त्याला, जिथे फुललेली झुडपं आणि उजेड दोन्ही आहे अशा जागी पायी थांबावं लागतं. गगनबावडा आणि आंबा घाटाचा माथाही तेवढाच चांगला. पन्हाळा मधल्यामध्ये पडतो. वीसेक किलोमीटरवर असल्याने सकाळी जाऊन दहाला परत येता येतं आणि गडावरच्या झाडीत माद्यांचे गळे तपासायचा सराव होतो.

आवाजावरून ओळखू नका, निदान सुरुवातीला. सगळेच शिंजीर बारीक, टोकदार ‘च्विट’ किंवा ‘सिट्-सिट्’ करतात. आवाजाचा उपयोग एवढाच, की पक्षी झाडात आहे हे कळतं. आणि मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हा प्रकार तर करूच नये. नर आपल्या हद्दीत परका घुसला असं समजून खाणं-पिणं सोडून फिरत राहतो, एवढ्याशा जिवाला ती दमणूक परवडत नाही.

बांडगुळाचा मामला

आंब्यावर, चिक्कूवर बांडगूळ दिसलं की मालक कोयता शोधतो. बागायतदाराचं बरोबरच आहे, बांडगूळ झाडाचा रस शोषतं. पण शिंजीर आणि फुलटोच्या यांचा संसार समजून घ्यायचा तर एक बांडगूळ दुर्बिणीतून नीट बघावं. त्याची फुलं लांब नळीची, हिरवट-केशरी. पिकलेली कळी मिटलेलीच राहते. पक्ष्याने चोचीत धरून दाबली की ती फटकन उघडते आणि परागकण त्याच्या तोंडावर उडतात. मध पिऊन तो पुढच्या कळीवर गेला की ते परागकण तिकडे पोचतात. नंतर फळं धरतात तेव्हा फुलटोच्याची पाळी येते. फळातला गर खाऊन होतो, पण बी इतकं चिकट असतं की शरीरातून बाहेर पडतानाही सहज सुटत नाही. पक्षी बूड फांदीवर घासतो आणि बी तिथेच, उगवायला नेमक्या हव्या त्या जागी, चिकटतं. एकाने फूल फळवायचं, दुसऱ्याने बी पेरायचं, आणि दोघांनाही मजुरी बांडगूळच देणार. सलीम अलींनी कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात या दोन पक्ष्यांचा वाटा काय, यावर १९३१ साली लिहिलं होतं. ते निरीक्षण आजही कोणत्याही परसातल्या आंब्याखाली खुर्ची टाकून पडताळता येतं. बंगल्यातला एखादाच आंबा असेल आणि त्याच्या पेटीचा हिशोब घरापुरताच असेल, तर एक बांडगूळ राहू द्यायला हरकत नाही असं माझं मत. फळबाग असलेल्यांना मी हे सांगणार नाही.

शिंजीर दर वेळी असा इमानाने वागतो असंही नाही. नळी खोल असेल आणि चोच पुरत नसेल तर तो फुलाच्या बुडाशी बाहेरून भोक पाडतो आणि मध पळवतो. परागकणांना शिवतही नाही. जास्वंदीचं गळलेलं फूल उचलून देठाकडून बघा, हिरव्या पाकळ्यांच्या कडेला बारीक छेद किंवा टोचा दिसला तर कोणीतरी चोरवाटेने आत गेलं होतं. काळा भुंगाही हाच धंदा करतो, म्हणून छेद दिसला की लगेच शिंजिरावर आळ घेऊ नये.

घरटं आणि आरसा

शिंजिराचं घरटं म्हणजे फांदीच्या टोकाला लोंबणारी कचऱ्याची लांबट पिशवी. कचरा म्हणतो ते कौतुकाने. गवताच्या काड्या, सालींचे तुकडे, वाळकी पानं, सुरवंटाच्या लेंड्या, कधी कागदाचे कपटे, हे सगळं कोळ्याच्या जाळ्याने एकत्र बांधलेलं. जाळ्याचा धागा चिकट असतो आणि ताणला तरी तुटत नाही, त्यामुळे पिल्लं वाढताना पिशवी फाटत नाही, सैल होते. दार कडेला आणि त्यावर छोटी पडवी, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वाऱ्याने अडकलेलं जळमट आहे. बांधकाम मुख्यतः मादी करते, अंडी बहुधा दोन. पिल्लांना मध पुरत नाही, वाढीला प्रथिनं लागतात, म्हणून मोठे पक्षी त्या दिवसांत किडे आणि कोळी शोधत फिरतात. फुलं नसलेल्या झाडावर शिंजीर सारखा येताना दिसला तर चोचीत काय आहे ते बघा. चोचीत किडा असेल आणि तो न गिळता उडून गेला, तर घरटं जवळपास आहे.

असं घरटं गॅलरीतल्या तारेला किंवा कुंडीच्या लोंबत्या वेलीलाही लागतं. लागलं तर ती तार काही आठवडे हलवू नका, कपडे दुसरीकडे वाळवा. फोटोसाठी पानं बाजूला करू नका, त्या पानांमुळेच कावळ्याला आणि भारद्वाजाला घरटं दिसत नाही.

विणीच्या दिवसांत आणखी एक तक्रार ऐकू येते : गाडीच्या आरशाला पक्षी टोचा मारतोय. तो शिंजीर आरशातल्या स्वतःला परका नर समजून भांडत असतो. समोरचा हटत नाही, कारण तो हटेल कसा, आणि हा दमेपर्यंत थांबत नाही. आरशावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवली की भांडण मिटतं. खिडकीच्या काचेला बाहेरून कागद लावावा.

साखरपाण्याच्या बाटल्या टांगण्याचं खूळ आता शहरात आलंय. मी त्याच्या बाजूने नाही. पाणी उन्हात आंबतं, बाटली रोज धुतली जात नाही, आणि पक्ष्याला फुलावर सापडणारे किडे तिथे मिळत नाहीत. त्याऐवजी जास्वंद, कर्दळ, एक्झोरा लावा, जागा असेल तर शेवगा. जास्वंद मात्र साध्या पाकळीची घ्या. दुहेरी, गच्च पाकळ्यांची दिसायला भारी, पण तिच्यात चोच घालायला वाट सापडत नाही.

बघितलेलं लिहून ठेवा, वहीत किंवा ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर. जागा, तारीख, वेळ, कोणत्या फुलावर होता, आणि मादी असेल तर गळा कसा, कंबर कशी. फोटो समोरून एक निघाला की पाठीमागूनही एक घ्या, भले तो सुंदर नसेना का. छोट्या शिंजिराच्या मादीची नोंद त्या दुसऱ्या फोटोवर ठरते. आणि कंबर दिसलीच नसेल तर ‘शिंजीर, जात नक्की नाही’ असं लिहायचं. ई-बर्डवर तसा पर्याय दिलेलाच आहे.